प्रदेशाचे संगीत अभ्यासायचे म्हणजे नेमके काय अभ्यासायचे?

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ते निपाणी परिसरातले आहेत, मराठी घेऊन एम. ए. झाले आहेत, संगीत विशारदही आहेत, आणि ‘सीमाभागातील मराठी लोकसंगीत’ या विषयावर त्यांना पीएच. डी. करायची आहे. कोणते विद्यापीठ निवडावे, किती गाणी गोळा केली म्हणजे पुरे होते, विशारदचे शिक्षण उपयोगी पडेल का आणि कन्नड येत नाही म्हणून काही अडेल का, असे चार मुद्दे त्यांनी विचारले आहेत. मी बेळगावच्या एका महाविद्यालयात बरीच वर्षे शिकवले आणि त्याच काळात चिकोडी, हुक्केरी, गोकाक, सौंदत्ती, खानापूर या तालुक्यांत गाणी ऐकत व ध्वनिमुद्रित करत फिरले. त्या अनुभवावरून उत्तर देते. मात्र विद्यापीठाचा मुद्दा शेवटी घेते, कारण तो सर्वांत सोपा आहे.

खरी अडचण या चार प्रश्नांत आलेली नाही, ती शीर्षकात आहे. ‘सीमाभाग’, ‘मराठी’ आणि ‘लोकसंगीत’ हे तिन्ही शब्द आपण सिद्ध झाल्यासारखे वापरता, पण संशोधनात त्यांतला प्रत्येक शब्द तपासावा लागेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तोवर बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. ‘सीमाभाग’ हा शब्द त्या घटनेतून आणि तिच्यानंतरच्या लढ्यातून आला. तो आमच्या जगण्यातला शब्द आहे, मी स्वतः रोज वापरते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु राजकीय नकाशावरचा पट्टा हा संगीताचाही एक प्रदेश असेलच, हे गृहीत धरता येत नाही. तो तसा आहे की नाही, हे आपल्या प्रबंधाने शोधायचे आहे. पहिल्या पानावरच ते मान्य करून टाकले, तर पुढची तीनशे पाने फक्त उदाहरणे जमवण्यात जातात.

ही चूक मी स्वतः केली असल्यामुळे ती कशी होते हे सांगू शकते. काम सुरू केले तेव्हा माझ्या वहीत दोन रकाने होते, डावीकडे मराठी गाणी आणि उजवीकडे कन्नड गाणी. मार्गशीर्ष पौर्णिमेला, जिला आपल्याकडे रांडाव पुनव म्हणतात, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या (म्हणजे रेणुकेच्या) डोंगरावर हुक्केरी तालुक्यातून आलेला, देवीला वाहिलेल्या जोगतिणींचा एक मेळा भेटला. चौंडके हे तारेचे वाद्य काखेत धरून एक वयस्कर बाई गात होत्या, दोघी झील धरत, म्हणजे मागून साथीला गात होत्या आणि चौथीकडे झांज होती. रेणुका आणि जमदग्नीची कथा चालली होती. कथेचा धागा कन्नडमध्ये पुढे सरके, मध्येच सासू-सुनेचा किंवा मायलेकीचा संवाद आला की मराठी सुरू होई आणि झीलकरणींचे धुरपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, मात्र शेवटपर्यंत एकच राही. ‘उदो’चा गजर मराठीत तोच आणि कन्नडमध्येही जवळजवळ तोच, तेव्हा तो कोणत्या भाषेचा हे ठरवायचे कसे? रात्री मुक्कामावर मी ते गाणे कडवी सुटी करून दोन रकान्यांत उतरवले आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या कौतुकाने त्या बाईंना वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “बाई, तुमी गाणं मदनं कापलासा की. आईला अर्धं कसं पोचंल?”

त्यानंतर तोच मेळा मी आणखी तीन ठिकाणी ऐकला. कागलच्या बाजूला एका मराठी घरी जोगवा मागताना संवादाबरोबर कथेचाही बराच भाग मराठीत आला, गोकाकजवळ तो जवळजवळ सगळा कन्नडमध्ये झाला, आणि हुक्केरीत पुन्हा मिसळला. चौंडक्याचा छेड, धुरपदाची चाल आणि कडव्याच्या शेवटी सुरावर घेतलेला विसावा यांत मात्र काही बदल झाला नाही. म्हणजे त्या मेळ्यापुरते बोलायचे तर भाषा ऐकणाऱ्याकडे पाहून ठरत होती आणि चाल गाणाऱ्यांची होती. मी फक्त मराठी कडवी गोळा केली असती तर हे मला कधीच दिसले नसते, उलट ‘मराठी जोगवागीतांवर कन्नडचा प्रभाव’ असे एक भारदस्त आणि चुकीचे प्रकरण मी लिहून बसले असते. प्रभाव म्हणायला आधी दोन वेगळ्या वस्तू असाव्या लागतात.

शाहिरीकडे पाहिले तरी हेच दिसते. आपल्याकडे कलगी आणि तुरा हे दोन पक्ष, शक्ती मोठी की शिव मोठा हा त्यांचा जुना वाद, डफ, तुणतुणे आणि झांज हा संच, आणि झीलकऱ्यांचे ‘जी जी’. उत्तर कर्नाटकातल्या गीगी पदांत नागेशी आणि हरदेशी हे पक्ष, वाद तोच, संच जवळपास तोच, आणि मागे उभे राहणारे ‘गी गी’ म्हणतात. मराठीचा अभ्यासक पहिल्यावर प्रबंध लिहितो, कन्नडचा अभ्यासक दुसऱ्यावर लिहितो, आणि दोघांच्या संदर्भसूचीत एकमेकांचे एकही नाव नसते. नाटकाच्या इतिहासात निदान एवढे तरी सर्वांना मान्य आहे की उत्तर कानडा जिल्ह्यातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीत विष्णुदास भाव्यांना १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभे करण्याची प्रेरणा मिळाली, आणि पुढे संगीत नाटक घडवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे होते. गाण्याच्या अभ्यासात मात्र आपण अजून रकानेच आखतो.

म्हणून माझा सल्ला असा की अभ्यासाचे एकक भाषा किंवा जिल्हा हे ठेवू नये. एखादी गाणारी मंडळी, तिचा वर्षभराचा फिरता मार्ग, किंवा एखादी यात्रा हे एकक ठेवावे आणि ती मंडळी जिथवर जाईल तिथवर आपला प्रदेश समजावा. रायबाग तालुक्यातल्या चिंचलीच्या मायाक्का देवीची माघातली यात्रा घ्या. सांगली-कोल्हापूरकडून धनगर मंडळी ढोल घेऊन येतात, त्यांच्या ओव्या मराठी असतात, आणि त्याच आवारात कन्नड बोलणारे हालुमताचे, म्हणजे मेंढपाळ समाजाचे लोक डोळ्ळू हा त्यांचा ढोल घेऊन उभे असतात. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावर जे काम केले ते याच रीतीने, म्हणजे देव आणि मेंढरे जिकडे गेली तिकडे जाऊन केले, आणि ते करताना भाषांच्या व राज्यांच्या सीमा त्यांनी आड येऊ दिल्या नाहीत. एका यात्रेतल्या दोन किंवा तीन मंडळींचा सलग तीन वर्षे केलेला अभ्यास हा संपूर्ण सीमाभागाच्या धावत्या सर्वेक्षणापेक्षा जास्त टिकतो. नोकरी सांभाळून करणार असाल तर मंडळी एकच घ्या. पूर्ण वेळ असेल आणि फिरण्याची मुभा असेल तर दोन घ्या, एक शक्यतो कन्नडप्रधान. आपले घर, पैसा आणि रात्री-अपरात्री बाहेर राहण्याची सोय यांवर हे अवलंबून आहे, ते माझ्या सांगण्यावर ठरवू नये.

इथून कन्नडचे उत्तर आपोआप निघते. अडेल, आणि बऱ्यापैकी अडेल. निपाणीत राहून कानाला सवय असते, बाजारापुरते बोलताही येते, पण गाण्यातली कन्नड बाजारातली नसते. दुभाषा घेऊन काम करता येते, मी पहिली दोन वर्षे तसेच केले, पण दुभाषा नेहमी अर्थ सांगतो आणि शब्द गिळतो. यमक कुठे पडले, कोणता शब्द ओढून मात्रा भरली, कोणत्या ठिकाणी गाणाऱ्याने मुद्दाम मराठी शब्द घातला, हे सगळे त्या गिळलेल्या शब्दांत असते. सहा महिने रोज तासभर देऊन लिपी शिका, कारण उत्तर कर्नाटकाच्या लोकरंगभूमीवर आणि लोकगीतांवर कन्नडमध्ये पुष्कळ आणि चांगले लेखन झाले आहे. कन्नड लेखक व लोकसाहित्याचे अभ्यासक चंद्रशेखर कंबार हे याच जिल्ह्यातल्या घोडगेरीचे. श्रीकृष्ण पारिजात हा लोकनाट्याचा खेळ गोकाक परिसरात आपल्या उंबऱ्याशी वाढला. त्याच्याबद्दल मराठीत शोधत बसण्यापेक्षा कन्नड वाचलेले लवकर होते.

आता विशारदच्या शिक्षणाबद्दल. उपयोग आहे, पण जपून. तयार कान हा मोठा ठेवा आहे; स्वर घसरला, लय किंचित ताणली, हे आपल्याला चटकन कळेल. धोका असा की तो कान लगेच नाव ठेवतो. एखादी चाल ऐकली की ‘हा भीमपलास’ असे मनात येते, आणि एकदा राग ठरला की त्यात न बसणारे स्वर ‘चुकलेले’ वाटू लागतात. माझ्या पहिल्या वहीत कित्येक ठिकाणी कंसात ‘बेसूर’ असे लिहिले आहे, त्याची आज लाज वाटते. संगीताचे अभ्यासक अशोक रानडे यांनी लोकसंगीत, भक्तिसंगीत, कलासंगीत, जनसंगीत अशा कोटी वेगळ्या मांडल्या. त्यातून मी एवढे शिकले की प्रत्येक संगीताला त्याच्या वापराचे प्रश्न विचारावेत, दुसऱ्या कोटीची मोजपट्टी लावू नये. आणि त्याच वेळी कलासंगीताला परके मानण्याचेही कारण नाही, कारण मिरज ते धारवाड हा सगळा पट्टाच गवयांचा. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व आजारपणात देवासला गेले आणि तिथे त्यांनी माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली, लिहून घेतली, त्यांतल्या धुनांमधून नवे राग उभे केले. आपल्या गावाकडच्या गाण्यांना तसा कान मिळाला असता तर, असा विचार मनात येऊन जातो, असो.

स्वरलेखनाच्या मर्यादा एका प्रसंगाने माझ्या लक्षात आल्या. निपाणीजवळच्या एका खेड्यात तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या एक आजी ओव्या सांगत होत्या. मी यंत्र सुरू करून समोर बसले, त्यांनी बसल्या बसल्या दहा-बारा ओव्या म्हटल्या, आणि मी घरी येऊन भातखंडे पद्धतीने त्या व्यवस्थित मात्रांत बसवल्या. पुढच्या खेपेस गेले तेव्हा त्या ओसरीवर जात्याशी बसल्या होत्या. गिरणी असताना जाते कशाला, तर मेतकूट दळायचे होते. तीच ओवी त्यांनी दळताना म्हटली आणि माझे स्वरलेखन सगळे निकामी झाले. बसून म्हणताना दम ओळीच्या शेवटी तुटत होता; दळताना खुंटा स्वतःकडे ओढला की स्वर ताणला जाई आणि दूर लोटताना, शब्द अर्धा असला तरी, दम घेतला जाई. मूठ घालायला हात थांबला की तेवढ्यापुरता शेवटचा स्वर लांबे. चाल सुमारे दीडपट संथ झाली. मी विचारले तर म्हणाल्या, “हात रिकामा असला की ओवी घसरती.” तेव्हापासून मी स्वरांच्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहिते, तिच्यात हाताची हालचाल आणि दम यांच्या खुणा असतात. जात्यावरच्या ओव्यांचे फार मोठे संकलन पुण्यात हेमा राईरकर आणि गी पोइतवें यांनी उभे केले, एक लाखाहून अधिक ओव्यांचे, आणि ते आज ऐकता-वाचता येते. तेव्हा ओव्यांची संख्या वाढवणे हे आता एकट्या संशोधकाचे काम उरलेले नाही. एका आजीच्या वीस ओव्या दोन स्थितींत ऐकणे हे काम मात्र अजून पुष्कळ शिल्लक आहे.

‘किती गाणी’ या प्रश्नाचे उत्तर यातच आले. माझ्या एका विद्यार्थ्याकडे आठशे गाणी होती, पण त्यांतली एक कोणी, कुठे, कोणासमोर, कोणत्या दिवशी म्हटली हे त्याला सांगता येईना. साठ गाणी पूर्ण तपशिलासह असली तर प्रबंध उभा राहतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, प्रसंग आणि उपस्थित मंडळी बोलून ठेवा. वही हरवते, पण हे गाण्याला चिकटून राहते. मोबाईलवर मुद्रण करायला हरकत नाही, मात्र फाईल वेव्ह स्वरूपात ठेवावी, व्हॉट्सअॅपवरून फिरवलेली फाईल विश्लेषणाला धरू नये, आणि मूळ फाईलला कधीही कात्री लावू नये. गाण्याआधीचे खाकरणे, चौंडक्याची तार ताणून पाहणे, ‘ते नको, दुसरं म्हण’ ही आपसातली बोलणी, हे सगळे मुद्रणात राहू द्यावे. पुष्कळदा प्रबंधातला सर्वांत चांगला पुरावा तिथेच निघतो. चाल मोजून पाहायची असेल तर प्राट किंवा सॉनिक व्हिज्युअलायझर ही संगणकावरची साधने फुकट मिळतात, पण आलेख काढण्याआधी ते गाणे स्वतः म्हणून पाहावे. मला जे म्हणता आले नाही ते मला कळलेही नव्हते, असा माझा अनुभव आहे.

आणि प्रती तीन ठेवा, तीन वेगवेगळ्या इमारतींत. मी माझ्या सुरुवातीच्या चाळीस कॅसेटी एका संस्थेकडे जतनासाठी दिल्या होत्या. त्यांनी त्या तळघरातल्या कपाटात ठेवल्या. आमच्याकडचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. चार पावसाळ्यांनी पाहायला गेले तेव्हा फितीवर पांढरी बुरशी होती आणि त्यांपैकी अकरा कॅसेटीच वाचवता आल्या. त्या सौंदत्तीच्या बाईंचा आवाज गेलेल्यांत होता, आणि तोवर त्या बाईही नव्हत्या.

जोगतिणींबरोबर काम करायचे ठरवलेत तर एक गोष्ट आधीच पक्की करावी लागेल. देवाला मुली वाहण्यास मुंबई प्रांतात १९३४ च्या आणि कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी आली. आपण ज्यांचे गाणे लिहून घेता त्यांची ओळख उघड झाली तर त्यांना पोलिसांचा, शेजाऱ्यांचा किंवा स्वतःच्या शिकलेल्या मुलांचा त्रास होऊ शकतो. काहींना मात्र आपले नाव छापून यावे असे मनापासून वाटते, कारण त्या स्वतःला कलावंत मानतात, आणि त्यांचे नाव परस्पर झाकून टाकणे हाही अन्यायच आहे. म्हणून प्रत्येकीला वेगळे विचारावे, तिच्या भाषेत विचारावे, तिचे उत्तर मुद्रित करावे, आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारावे, कारण पहिल्या दिवशी पाहुण्याला नाही म्हणणे जड जाते. आपल्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलावंताला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क दिलेला आहे, तेव्हा हे मुद्रण यूट्यूबवर टाकणे हा आपल्या मर्जीचा विषय नाही. मानधनाबद्दल माझा नियम असा की गाण्यासाठी भाव ठरवायचा नाही, पण बुडालेल्या मजुरीची भरपाई न चुकता द्यायची. यावर माझ्या ओळखीच्या काही संशोधकांचे मत वेगळे आहे.

आता विद्यापीठ. जवळची म्हणाल तर बेळगावचे राणी चन्नम्मा, कोल्हापूरचे शिवाजी, धारवाडचे कर्नाटक, आणि हावेरी जिल्ह्यात गोटगोडीचे लोककलांना वाहिलेले जानपद विद्यापीठ. मराठी विभागात गेलात तर गाण्याचे शब्द नीट पाहिले जातील आणि चाल परिशिष्टात जाईल; संगीत विभागात गेलात तर याच्या उलट होण्याचा संभव आहे. त्यामुळे विद्यापीठाआधी मार्गदर्शक निवडा, दुसऱ्या विषयातला सहमार्गदर्शक मिळतो का ते अर्ज करण्यापूर्वी विचारा, आणि मौखिक परीक्षेत कन्नड जाणणारा परीक्षक असावा असा आग्रह धरा. नेट ही पात्रता परीक्षा दिली नसेल तर संगीत आणि लोकसाहित्य हे दोन वेगळे विषय आहेत हे लक्षात घेऊन आपल्या एम. ए.ला कोणता चालतो ते तपासून घ्या.

शीर्षकाची घाई करू नका. रूपरेषेत तूर्त एवढेच लिहिता येईल की अमुक एका मंडळीचे गायन, तिचा मार्ग आणि तिच्या दोन भाषा यांचा अभ्यास करायचा आहे. ‘सीमाभाग’ हा शब्द त्यात यायचा असेल तर तिसऱ्या वर्षी स्वतःहून येईल. मार्गशीर्षातली पुनव यायला अजून अवकाश आहे, तोवर कन्नड मुळाक्षरे होतील. सौंदत्तीला पहिल्या खेपेस जाल तेव्हा ध्वनिमुद्रणाचे यंत्र घरीच ठेवा, एक वही आणि रात्रीच्या थंडीसाठी घोंगडी घ्या, आणि डोंगरावर ज्या मेळ्याशेजारी जागा मिळेल तिथे बसून त्यांची झील पाठ होईपर्यंत ऐका.